पडद्यावरचे थिजलेले हात

९ मार्च, सोमवार

आज सकाळी गाईंचं दूध काढून झाल्यावर मी एक गोष्ट केली. ती माझी बायको आर्डेला हिच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

दूधघरातल्या फळीवर मी तीन सारखी स्तोत्रपुस्तकं मांडली. एकेकात एक चिठ्ठी घातली, वरून रबरबँड लावले, डोळे मिटून पुस्तकांची उलटापालट केली आणि गुडघे टेकून प्रार्थना केली. आमच्या चर्चच्या मंडळीत नवा सेवक निवडायचा असला की असंच करतात, फक्त चिठ्ठी एकाच पुस्तकात असते. नावं सुचवलेली माणसं पुढच्या बाकावर बसतात, प्रत्येक जण एक पुस्तक उचलतो आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते तो जन्मभराचा सेवक. नऊ वर्षांपूर्वी मीही त्या बाकावर बसलो होतो. माझं पुस्तक रिकामं निघालं. घरी येताना मला हायसं वाटत होतं की वाईट, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

आजच्या चिठ्ठ्यांवर माणसांची नावं नव्हती. एकीवर लिहिलं होतं टेलिफोनची तार, दुसरीवर गिरणीच्या मनोऱ्याची तबकडी, तिसरीवर उपग्रह. घरात इंटरनेट कुणाचं घ्यावं हे मी देवाला विचारत होतो.

मी एक पुस्तक उचललं. चिठ्ठी तबकडीची निघाली.

उठून पाहतो तर दारात आर्डेला.

"काय रे लमार, गाईंना स्तोत्रं शिकवतोयस की काय?"

मी खरं ते सांगितलं. तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

"सेवक निवडतात तसं?"

"हो."

"इंटरनेट?"

"रोझीनसाठी आहे ते."

ती डबा उचलून गेली.

रोझीन आमचं शेंडेफळ. मोठी चौघं लग्नं होऊन आपापल्या घरी गेली. ही उशिरा आली, आणि जन्मापासून तिला ऐकू येत नाही. कानाची यंत्रं लावून पाहिली, उपयोग झाला नाही. सात वर्षांची झाली तरी तिच्यापाशी आमच्या घरात जुळवलेल्या चार खुणाच होत्या. गेल्या हिवाळ्याच्या तोंडापासून ग्वेन नावाची शिक्षिका मंगळवारी आणि गुरुवारी संगणकाच्या पडद्यावर येते आणि तिला व आर्डेलाला हातांची भाषा शिकवते. ग्वेनलाही ऐकू येत नाही. आमच्या मंडळीत इंटरनेट फक्त धंद्यापुरतं आणि मंडळीच्या फिल्टरमधूनच चालतं, पण क्लेअरभाऊंनी, म्हणजे आमच्या बिशपनी, या तासापुरती मोकळीक दिली आहे.

अडचण वेगाची आहे. टेलिफोनच्या तारेवर ग्वेनचे हात हवेतच थिजतात आणि मग एकदम भलतीकडेच उगवतात. मधला शब्द गेलेला असतो. आवाज तुटला तर माणूस अंदाजानं वाक्य ओढून नेतो. हात तुटल्यावर काय ओढणार?

शिक्षण खात्याच्या मिसेस पलुम्बो जूनच्या शेवटी तपासणीला येणार आहेत. घरी राहून शिकणं पुरेसं दिसलं नाही तर शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेची शिफारस करणार. तिथंच राहायचं, शुक्रवारी संध्याकाळी घरी. या लेकराला अंधाराची भीती वाटते, कारण अंधारात तिचं बोलणं कुणाला दिसत नाही. तिला परक्या घरात कसं झोपवायचं?

चौथी एक वाट आहे, महामार्गावरून जाणारी केबल. पण केबलवाल्यांच्या इंटरनेटबरोबर टीव्ही येतो, आणि तो आमच्यात चालत नाही. ती चिठ्ठी मी लिहिलीच नाही.

१७ मार्च, मंगळवार

ड्वाइट येऊन तबकडी बसवून गेला. हा खाद्यगिरणीत कामाला आणि गिरणीच्या मनोऱ्यावरून गावाला इंटरनेट देण्याचा त्याचा जोडधंदा. आमच्यातला नाही, पण शाळेच्या वयापासून ओळख. चाऱ्याच्या सायलोवर, त्या उंच कोठारावर चढून वरून ओरडला, "लमार, देवाच्या अगदी शेजारी बसवलीय. आता तक्रार थेट तिकडंच कर!"

खाली उतरल्यावर त्यानं गिरणी आणि आमच्या मधल्या टेकडीकडं पाहिलं. "आत्ता झाडांच्या नुसत्या काड्या आहेत. मे महिन्यात बघू काय म्हणते ती."

मी मान डोलावली. देवानं निवडलेल्या गोष्टीत ड्वाइटचा मे महिना कुठं घेऊन बसायचा?

संध्याकाळच्या तासाला ग्वेनचे हात एकदाही थिजले नाहीत. आर्डेलानं डोळे पुसले. मी गोठ्यात जाऊन आभार मानले.

२ एप्रिल, गुरुवार

रोझीन झपाट्यानं शिकते आहे. काल तिनं आर्डेलाला ढग, शिडी आणि आजीचा चष्मा यांच्या खुणा शिकवल्या. ग्वेननं त्या एकदाच दाखवल्या होत्या.

तास चालू असताना मी संगणकाच्या मागं उभा राहतो. फोटो काढून घेणं आमच्यात बरं मानत नाहीत, आणि पडद्यावर दिसणं म्हणजे तेच. आर्डेलाला बसावंच लागतं. दोघांनी बसायची गरज काय? मी राउटरचे दिवे पाहतो, वेग मोजतो, फिल्टरनं मध्येच अडवलं तर बटण दाबतो.

आज तास संपल्यावर आर्डेला म्हणाली, "ग्वेन विचारत होती, हिचे वडील असतात कुठं?"

"मग?"

"म्हटलं, इथंच असतात. दिव्यांकडं बघत."

मला दूध, जेवण आणि झोप एवढ्या तीन खुणा येतात. बोटं जाड आहेत माझी. दूध काढून काढून ती वाकडी झालीत, नाजूक खुणा त्यांना जमत नाहीत.

संध्याकाळी रोझीन वासरांच्या कुंपणापाशी होती. त्यांच्यापुढं उभी राहून दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगत होती. वासरं कान हलवत होती. बराच वेळ चाललं होतं. किती रमते पोर इथं! शहरात कुठून आणणार वासरं?

७ मे, गुरुवार

हात थिजले.

आधी क्षणभर, मग बराच वेळ, आणि शेवटी ग्वेनचा चेहरा चौकटी-चौकटी होऊन राहिला. सायलोवर चढून मी तबकडी पुसली. वरून टेकडी दिसते. मेपल, ओक, हिकरी, सगळ्यांना पालवी आलीय, कोवळी हिरवी. एवढी सुंदर टेकडी मला कधी इतकी नकोशी झाली नव्हती.

९ मे, शनिवार

ड्वाइट आला, वर चढला, उतरला.

"सांगितलं होतं ना मी तुला? पानांत पाणी असतं. पानं सगळा संदेश पिऊन टाकतात."

"आता?"

"आता ऑक्टोबर."

"जूनच्या शेवटी तपासणी आहे, ड्वाइट."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "तुझ्या मालकीची असती तर म्हटलं असतं, कुऱ्हाड काढ. पण पुरी टेकडी दुसऱ्याची, आणि झाडं हजारांनी. पैसे परत घेऊन जा माझ्याकडनं. मला लाज वाटते." पैसे मी घेतले नाहीत. त्याची चूक नव्हती.

१० मे, रविवार

उपासनेत लक्ष लागलं नाही. चिठ्ठी देवाची होती, मग पालवी कुणाची? जेवण झाल्यावर हे मी आर्डेलापाशी बोललो. बोलायला नको होतं.

"वाटा चार होत्या, लमार. तू देवापुढं तीनच ठेवल्यास. चौथं पुस्तक मांडलंच नाहीस, मग त्यानं बोट कुठं दाखवायचं?"

"चौथ्यात टीव्ही आहे."

"ते तू ठरवलंस. ठरवायचं ते सगळं तू ठरवून टाकलंस आणि उरलेलं त्याच्यावर सोपवलंस."

ती भांडी घासायला उठली. मी बसून राहिलो. चिठ्ठीतून निघालेलं बदलणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, एवढंच मला शिकवलं आहे. आठवीपर्यंतची आमची शाळा, त्यात यापुढचं काही नव्हतं.

१४ मे, गुरुवार

पुन्हा टेलिफोनच्या तारेवर आलो. उपग्रहाचीही चौकशी केली, पण उपग्रहवाला म्हणाला त्याला उत्तरेकडचं आभाळ मोकळं लागतं, आणि उत्तरेलाच टेकडी.

तासात ग्वेन काहीतरी गोष्ट सांगत होती. अस्वल होतं त्यात. अस्वल झाडावर चढलं आणि तिथंच थिजलं. रोझीननं वाट पाहिली. पडद्यावर टिचक्या मारल्या, मग तळहात, मग मूठ. आर्डेलानं हात धरला तर तिनं स्वतःचंच मनगट चावलं. दातांचे व्रण उठलेत.

देवा, हिला का? मला घे, माझे कान घे. हे मी आज मोठ्यानं म्हणालो, गोठ्यात. गाईंनी माना वळवल्या.

२० मे, बुधवार

केबल कंपनीला फोन केला. पलीकडं गोड आवाजाची मुलगी.

"टीव्हीसकट घेतलंत तर खूप स्वस्त पडेल, सर."

"टीव्ही नको."

"पण तो फुकट आहे."

"फुकटही नको."

"टीव्हीशिवाय जास्त पडतील."

"म्हणजे न बघण्याचे पैसे?"

ती हसली. "सर, पेटी घ्या आणि कपाटात ठेवून द्या. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

मग हळूच, "सर, तुम्ही घोडागाडीवाले आहात का?"

"नाही. ती जुन्या रीतीची मंडळी वेगळी. आमच्याकडं मोटार आहे."

"मग टीव्हीचंच काय बिघडलं?"

मी पुन्हा नुसत्या इंटरनेटचं विचारलं. पुढं तिनं खरी अडचण सांगितली. टीव्हीसकट घेतलं तर महामार्गापासून घरापर्यंतचा चर कंपनी खणून देते. नुसतं इंटरनेट हवं असेल तर चर तुमचा तुम्ही खणायचा, त्यात नळी टाकायची, मग ते येऊन तार ओढतील. चर लांबलचक, आणि अर्ध्या वाटेत पातळ थरांचा खडक.

वेग मात्र असा की ऐकून मला खोटं वाटलं.

दुपारभर मनात घोळवलं. पेटी वासरांच्या चाऱ्याखाली पुरली तर? हे मी लिहितो आहे म्हणजे विचार केला आहे. केला.

२३ मे, शनिवार

क्लेअरभाऊंच्या मळ्यावर गेलो. ते द्राक्षाच्या वेली तारेला बांधत होते. मीही सुतळी घेतली आणि बांधू लागलो, म्हणजे तोंडाकडं बघावं लागत नाही.

"भाऊ, पेटी मी उघडणारसुद्धा नाही."

"मग घ्यायची कशाला?"

"चरासाठी. जून संपत आला की ती बाई येईल. हात थिजलेले दिसले तर पोरगी जाईल."

ते पुढची वेल बांधू लागले. ओळ संपेपर्यंत बोलायचं नाही ही त्यांची पद्धत.

"टीव्ही नको," शेवटच्या खांबापाशी ते म्हणाले. "खणायला हात लागतात. ते आपल्याकडं आहेत. मी रविवारी मंडळीत सांगतो."

मी हातातली सुतळी खांबाला अडकवली.

"पोर घरी राहिली पाहिजे, लमार. तिकडं गेलेली मुलं परत येतात, पण आपली होऊन येत नाहीत. मी दोन घरांत पाहिलंय."

"हो, भाऊ."

"या वेलीची गाठ सैल आहे. परत बांध."

१३ जून, शनिवार

आज चर खणला. मोजायला विसरलो, पण तीसेक माणसं तरी असतील. कुदळी, फावडी, पहारी. शेजारच्या मार्टिनांच्या धाकट्यानं खणायचं यंत्र आणलं होतं, ते खडकापाशी अडलं आणि तिथून पुढं माणसंच. बायकांनी अंगणात टेबलं मांडली. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, काकवीची गोड पाई, बादलीभर गार पुदिन्याचा चहा.

एलमआजोबा पंच्याऐंशी वर्षांचे. कुदळ सोडायला तयार नव्हते.

"आजोबा, बसा हो सावलीला."

"गप रे! माझ्या आजोबानं टेलिफोन नको म्हणून जुनी मंडळी सोडली होती. आणि मी इंटरनेटसाठी खणतोय. वर भेटला की कान उपटणार माझा. निदान म्हणेल तरी, काम नीट केलंस."

सगळे हसले. मीही. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

रोझीन चहाचे पेले नेऊन देत होती. ज्यानं त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी गाल ओढला, कुणी खिशातली पेपरमिंट दिली. तिनं दोनतीनदा हातांनी काही विचारलं, तेव्हा माणसांनी हसून माना डोलावल्या आणि पुन्हा डोक्यावर हात ठेवला. किती माया! मग ती मातीच्या ढिगामागं मांजराचं पिल्लू घेऊन बसली, ती सगळे जाईपर्यंत.

चर सांजेपर्यंत घराला लागला. क्लेअरभाऊंनी चरापाशीच उभं राहून प्रार्थना केली. या माणसांचं ऋण मी जन्मात फेडू शकणार नाही.

१८ जून, गुरुवार

तार आली. कंपनीच्या माणसानं चर पाहून विचारलं, "कुणाकडून करून घेतलंत?" मी म्हटलं, "घरच्यांकडून."

संध्याकाळचा तास. ग्वेन जणू आमच्याच टेबलापाशी बसली होती. बोटावरची अंगठी दिसत होती, नखं दिसत होती. आर्डेला काही वेळ शिकायचं विसरली, नुसती पाहत राहिली.

शाळा सुटल्यामुळे ग्वेननं उन्हाळ्यापुरता एक गट केला आहे. तिच्या चौकटीशेजारी आणखी चार चौकटी उघडल्या, चार मुलं. त्यांत जोसलिन नावाची एक, पुढचे दात पडलेली, त्या शहरातल्या शाळेत दुसरीला आहे. तिनं रोझीनला काहीतरी विचारलं. रोझीननं उत्तर दिलं. जोसलिननं तोंडावर हात ठेवून पुढं काही म्हटलं आणि मग दोघींचे हात असे सुटले की मला ते वेगवेगळे दिसेनात.

"काय म्हणतायत?" मी आर्डेलाला विचारलं.

"मला नाही कळत."

"तुलाही?"

"फार भराभर बोलतायत, लमार. मला नाही कळत."

रोझीन हसत होती. तिचं हसणं मोठं आणि खरखरीत असतं. घरात ते क्वचितच निघतं. आज मी गोठ्याच्या दारातूनही ऐकलं.

२१ जून, रविवार

सगळ्यांनी विचारलं, तार कशी चालते. छान चालते म्हटलं. एलमआजोबांनी पाठीवर थाप मारली. मला आनंद व्हायला हवा होता. झोप का लागत नाही कळत नाही.

२६ जून, शुक्रवार

मिसेस पलुम्बो आल्या, ग्वेनही पडद्यावर होती. चित्रं दाखवली, गोष्ट सांगायला लावली, चाचण्या घेतल्या. शेवटी मिसेस पलुम्बोंनी वही मिटली.

"मिस्टर आउकर, अभिनंदन. असंच चालू राहिलं तर मुलगी घरी राहायला माझी हरकत नाही."

आर्डेला रडली. मी बाईंना अंडी दिली, चीज दिलं. क्लेअरभाऊंना फोन केला. ते म्हणाले, देवाचे आभार.

देवाचे आभार.

३० जून, मंगळवार

जे पाहिलं ते लिहितो.

आज तास दुपारी होता, तो संपला होता. आर्डेला वाटाण्याच्या शेंगा तोडायला गेली होती. मी पाणी प्यायला घरात आलो. रोझीन संगणकासमोर बसलेली. संगणक बंद, काच काळी. त्या काळ्या काचेत तिचं तिलाच धूसर दिसत होतं आणि ती बोलत होती. दोन्ही हातांनी, भुवया उंचावून, मान वाकडी करून. विचारायची, थांबायची, मग दुसऱ्या बाजूला सरकून उत्तर द्यायची. कुणीतरी ऐकतंय अशी.

ती वासरांपुढं असंच करते.

मी पेला न भरताच बाहेर आलो. एप्रिलमध्ये मी या वहीत काय लिहिलंय ते काढून वाचलं. वाचवेना.

११ जुलै, शनिवार

आर्डेलाला सांगितलं. तिनं वाटाणे सोलणं थांबवलं नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी पण बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"तीस माणसांनी चर खणला, लमार. बोलू कुणापाशी?" मग पुढची शेंग फोडत, "आणि त्या शाळेत पाठवली, तर परत आली तरी ती आपली राहील का? शुक्रवारी येईल, भराभर बोलेल आणि आपण दोघं माना डोलावत बसू. चर खणणाऱ्यांनी चहा देणाऱ्या पोरीपुढं डोलावल्या तसं."

मी म्हटलं, "निदान तिलाच विचारू. तू विचार."

"तू विचार," आर्डेला म्हणाली.

१३ जुलै, सोमवार

विचारलं. दोन दिवस आर्डेलाकडून चार खुणा घोटून घेतल्या होत्या. रोझीनला पायरीवर बसवलं आणि शाळेची खूण केली. चुकली. तिनं माझे दोन्ही हात धरले, बोटं एकेक करून सरळ केली, तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. इतक्या गांभीर्यानं, जणू वासराचा पाय तपासते आहे. मग माझ्या तोंडाकडं पाहून वाट पाहत राहिली.

शाळा. तू. तिथं झोप. हवं?

तिनं जोसलिनच्या नावाची खूण केली. ती मला कळली, ते पडलेले दात. मग तिचे डोळे असे उजळले की मला दुसरीकडं पाहावंसं वाटलं. पण लगेच तिनं माझ्याकडं बोट केलं, आणि शाळा. मी? मी पण तिथं?

मी नाही अशी मान हलवली. मी इथं. गाई.

तिनं एप्रनमध्ये तोंड लपवलं. पुष्कळ वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो, कारण यापुढची एकही खूण मला येत नव्हती. मग तिनं तोंड वर काढलं, नाक पुसलं आणि पुन्हा जोसलिनची खूण केली. या वेळी लहानशी, कुणाला दिसू नये अशी.

या वेळी मी स्तोत्रपुस्तकं काढली नाहीत.

१५ ऑगस्ट, शनिवार

रोझीनला शाळेत पाठवायचं ठरलंय हे भाऊंना सांगणं महिनाभर पुढं ढकललं. आज क्लेअरभाऊंकडं गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. द्राक्षं पिकायला लागलीत, मळ्यात वास होता.

"आम्ही तिला घरी ठेवायला खणलं, लमार."

"ठाऊक आहे, भाऊ."

"ती बाई राहू दे म्हणाली. तुला कुणी सक्ती केलेली नाही."

"नाही."

"मग का?"

मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो, ती सगळी गेली. "भाऊ, ती घरी होतीच कुठं? आमच्यात होती नुसती."

ते वळले आणि पुढच्या वेलीकडं गेले. ओळ संपेपर्यंत मी मागं मागं चाललो. ओळ लांब होती. खांबापाशी ते थांबले.

"शरदातल्या प्रभुभोजनाआधी प्रत्येकाला विचारतात, मंडळीशी तुझी शांती आहे का. तू काय सांगशील?"

"खरं सांगेन. माझ्या मुलीची शाळा मंडळीच्या बाहेरची आहे, आणि ती मी निवडली, असं."

"काही जण दुखावतील. या खेपेला तुला भोजनापासून बाजूला बसावं लागेल, कदाचित."

"बसेन."

तेवीस वर्षांत मी एकही प्रभुभोजन, मंडळीबरोबरची ती भाकर आणि द्राक्षारस, चुकवलेलं नाही. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, जोरात, रागानं की मायेनं ते कळलं नाही. "मी तुला हो म्हणत नाही," ते म्हणाले. "पण गाडी बिघडली तर माझी घेऊन जा."

केबलचं काय करायचं, बंद करायची का, असं ड्वाइट परवा विचारत होता. बंद करायची नाही. रोझीनच्या शाळेत रोज संध्याकाळी मुलांना घरच्यांशी पडद्यावर बोलू देतात. आता तर ती तार खरी लागणार.

३० ऑगस्ट, रविवार

एलमआजोबा आज माझ्याशी बोलले नाहीत. तोंड फिरवून गेले. चर खणताना त्यांच्या तळहातावर आलेले फोड बरे झाले असतील का, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

सोडून आलो.

सातला ती पडद्यावर येईल. टेबलापाशी आर्डेलानं दोन खुर्च्या मांडल्यात, संगणकासमोर, दोन्ही पडद्यात दिसतील अशा. मी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घातलाय आणि माझ्या खुर्चीवर बसूनच हे लिहितो आहे. अकरा खुणा येतात आता. रात्र, चांगली, वासरू, दात, उद्या, आणि अशाच.

वाटेत रोझीन खिडकीतून तळं पाहत होती. शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी केली तेव्हा ती उतरेना. आर्डेला म्हणाली, "लमार, परत फिरूया." मलाही तेच वाटत होतं. मी चालत त्या बाजूला गेलो, दार उघडलं, हात पुढं केला. तिनं तो धरला. इतका घट्ट की तिची नखं रुतली.

आत लांब व्हरांडा होता, मुलांनी भरलेला, आणि जवळजवळ आवाज नव्हता. पावलं, खुर्च्या, मधूनच कुणाचं खरखरीत मोठं हसू. सगळीकडे हात. भिंतीला टेकून हात, जिन्यावर बसून हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकमेकांना हाका मारणारे हात. मी दारातच अडखळलो. त्या सगळ्या गलक्यात काही न कळणारा माणूस मी होतो.

रोझीन माझ्या पायाला चिकटून उभी राहिली. मग गर्दीतून जोसलिन आली. पुढचे दात अर्धे उगवलेत. तिनं रोझीनला काहीतरी विचारलं, साधंच असेल. रोझीननं एका हातानं उत्तर द्यायला सुरुवात केली, दुसऱ्यात माझा हात होता. जोसलिनला कळलं नाही. तिनं कपाळाला आठ्या घालून पुन्हा विचारलं.

रोझीननं वर माझ्याकडं पाहिलं. मग माझा हात सोडला. बोलायला तिला दोन्ही हात लागतात.